कड्यावरची कबुली

माथ्यावरून तिसऱ्यांदा सोडलेला दोरही कपारीवर अडकलेल्या मुर्झापर्यंत पोचला नाही. वरच्या खडकाला पुढे पोट आलं होतं, त्यामुळे दोर मुर्झापासून चांगला चार हात लांब, हवेतच लोंबकळत राहायचा. मुर्झाचा एक पाय मोडलेला. झेप घ्यायची म्हटली तरी कशाच्या जोरावर घेणार?

खाली दगडधोंड्यांत अख्खं गाव जमलं होतं. रानबोकडाच्या मागे मुर्झा त्या अरुंद कपारीवर उतरला, बोकड पलीकडे उडी मारून गेला आणि याच्या मागची वाट ढासळली, असं त्याचा जोडीदार जोकिया येईल त्याला सांगत होता. "हा माणूस कधी न बघता पाऊल टाकायचा नाही. आज पायाखाली बघतच नव्हता," म्हणायचा आणि रडायला लागायचा. पश्चिमेकडून बर्फाचे ढग चढत होते. मोडक्या पायाने त्या कपारीवर रात्र निघत नाही, हे स्वानेतीच्या डोंगरांतल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मुर्झाची आई बाबुत्सा मात्र कड्याकडे बघत नव्हती. ती सुनेकडे बघत होती.

"मारेख, घरात कोण आलं होतं?"

मारेखने मान खाली घातली.

या डोंगरातली रानबकरी दालीची. दाली म्हणजे शिकारीची देवी, मोठी मत्सरी बाई. तिच्या कळपावर बंदूक उचलायची तर अंगाला दुसऱ्या बाईचा स्पर्श नको. म्हणून निघायच्या आदल्या रात्री शिकारी आईच्या चुलीपाशी झोपतो, बायको वर माळ्यावर आणि आई उंबऱ्याला आडवी. एवढं करूनही शिकारी कड्यावर अडकला, तर खोट बायकोत. आजे-पणजे हेच सांगत आले आणि कुणी उलटून विचारलं नाही. मुर्झा तर उन्हाळाभर मेंढरं घेऊन खिंडीपलीकडे होता. काल आला तो थेट चुलीपाशीच निजला आणि पहाटे निघाला. निघताना अंगणात पाण्याच्या डोणीपाशी बायकोशी दोन शब्द बोलला असेल, तेवढंच.

त्यामुळे कुजबूज सुरू व्हायला वेळ लागला नाही. मारेखचे भाऊ गर्दीतच उभे होते. थोरल्याचा हात कट्यारीवर गेलेला सगळ्यांनी पाहिला. तोंड काळं केलेली बहीण घरी नेऊन पोसणाऱ्यांतले ते नव्हते.

"माझ्या पोरात काडीची खोट नाही," बाबुत्सा म्हणाली. "मग हे झालं कसं? बोल की. आता का दातखीळ बसली?" आणि तिने सुनेच्या डोक्यावरचा रुमाल हिसकून दगडांत फेकला.

"आई."

आवाज वरून आला.

"तिला हात लावू नकोस, आई. नेम मी मोडला. रात्री तू गाढ झोपली होतीस. तुला ओलांडून मी माळ्यावर गेलो होतो."

शिकाऱ्याने स्वतः नेम मोडला तर पाप त्याचं, त्याच्याबरोबर जातं. बायकोला कुणी बोल लावत नाही. पण त्याने वाहिलेली शिंगं देवळातून काढून दरीत टाकतात आणि मेल्यावर शिकाऱ्यांच्या पंगतीत त्याच्या नावाचा प्याला कधी भरत नाहीत. बाबुत्साच्या सासऱ्याच्या नावाचा भरत, नवऱ्याच्या नावाचा भरत. ज्या घरात दोन पिढ्यांचे प्याले भरतात त्या घरच्या बाईची मान जराशी ताठ असते, आणि बाबुत्साची तर होतीच.

गावातला सगळ्यात म्हातारा शिकारी तातरखान तिच्याकडे वळला. "बाबुत्सा, उंबऱ्यावर तू होतीस. पोरगा म्हणतो ते खरं?"

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. एवढ्या लांबून मुर्झाची करडी टोपी तेवढी दिसत होती. मग तिची नजर मारेखच्या भावांकडे गेली. थोरल्या भावाने कट्यार अजून सोडली नव्हती.

"खरं आहे," ती म्हणाली. "मेल्यासारखी झोपले मी. माझीच चूक."

भावाचा हात खाली आला. बाबुत्साने दगडांतून रुमाल उचलला, झटकला आणि मारेखच्या डोक्याला बांधला.

मग बर्फ पडायला लागलं. लोक पांगले, जोकिया आणि मारेख तेवढे थांबले. बाबुत्सा एका धोंड्यावर बसून वर ओरडून बोलत राहिली. कुठली शेळी व्याली, कुणाचं छप्पर गळतंय, लहानपणी त्याने चीज चोरून नाव कसं कुत्र्यावर घातलं होतं. वरून हुंकार यायचा. मग हुंकार यायचा थांबला, तरी ती बोलतच राहिली. शेवटी जोकियाने तिला उचलून घरी आणलं.

मुर्झाची शिंगं दरीत गेली. पंगतीत प्याले भरले गेले, त्याच्या वडिलांच्या नावानंतर एकदम दुसऱ्या घराचं नाव आलं. बाबुत्सा भाकरी वाढत होती. तिने वाढणं थांबवलं नाही.

गवत गुडघ्याएवढं झालं तेव्हा मारेखला मुलगा झाला. गाव हळहळलं. एका रात्रीचं देणं, निदान वंश तरी ठेवून गेला बिचारा, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

सुईण हसत म्हणाली, "लवकर आला म्हणे, पण बाळसं बघा की लबाडाचं."

"आमच्या घरची पोरं घाईचीच," बाबुत्सा म्हणाली. "बापही असाच आला होता." तिने नातवाला मांडीवर घेतलं, मुर्झा म्हणून हाक मारली आणि त्याचा मुका घेतला.

शिकारीच्या आदल्या रात्री उंबऱ्यावर बाबुत्साची दाढ ठणकत होती. तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि तिचा मुर्झा पहाटेपर्यंत चुलीपाशी कूससुद्धा न बदलता झोपला होता.