विंचरलेली वाळू

“तेवढी पुसू नका!”

बाईचा हात थांबला. लाकडी दाताळं वाळूत तसंच रुतून राहिलं. तिनं वळून पाहिलं, तर मागे काका उभे. धाप लागलेली, चपला हातात. काकूंना खोलीवर आडवं करून ते तसेच उलट पावली धावत आले होते.

किनाऱ्यावर आता दुसरं कुणी नव्हतं. इथं पाहुणे मोजकेच यायचे, आणि ऊन उतरलं की बाई त्यांना गोड बोलून घालवायची. मग दाताळं ओढत मागे मागे सरकायची आणि सगळ्यांची पावलं पुसून टाकायची. शेवटी स्वतःचीही. ओल्या वाळूवरची पावलं भरती नेते, कोरड्या वाळूवरची राहतात, आणि नेमकी तिथंच कासवांची घरटी. अंधार पडला की पिल्लं वर येतात आणि पाण्याकडे निघतात. लिंबाएवढा जीव. माणसाचं पाऊल म्हणजे त्याला विहीरच. त्यात पडलं की सकाळपर्यंत तिथंच, आणि सकाळी कावळे टपलेले असतात.

काकांना हे ठाऊक होतं. आल्या आल्याच बाईनं सगळं सांगितलं होतं. अनवाणी चाला, गाणी लावू नका, रात्री दिवा नको. त्यावर काकांनी थट्टाही केली होती. “अहो, आमच्या सासऱ्यांनी जावयाचा एवढा मान ठेवला नाही, जेवढा तुम्ही कासवांचा ठेवता!” काकू खळखळून हसल्या होत्या. किती दिवसांनी.

काकांचं चपलांचं दुकान होतं. जन्मभर त्यांनी लोकांच्या पायांची मापं घेतली, बायकोच्या पायांकडे बघायला मात्र सवड झाली नाही. काकू दरवर्षी म्हणायच्या, एकदा समुद्र दाखवा. काका म्हणायचे, एवढा सीझन जाऊ दे. सीझन काही जाईना. मग एक दिवस डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, आता त्यांना काय हवंनको ते बघा. तेव्हा कुठं दुकानाला कुलूप लागलं.

बाईच्याच घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. जेवण तिची सासू वाढायची. पाहुण्यांना म्हातारी आग्रह करकरून वाढी, पण सुनेपुढे भांडं नुसतं सरकवून द्यायची. एक शब्द नाही. हे काकूंच्या बरोबर लक्षात आलं. “पटत नसेल,” काका म्हणाले होते, “घरोघरी मातीच्या चुली.”

आणि आज दुपारनंतर काकू वाळूत चालल्या. काकांचा हात सोडून, एकट्या. दहा-बारा पावलं असतील. मग दम लागला आणि त्या खालीच बसल्या. काकांनी त्यांना उचलून खोलीवर नेलं. जाताना त्या म्हणाल्या, “झालं हो माझं. बघितला समुद्र.”

तीच पावलं आता दोघांच्या मध्ये होती. डावं पाऊल स्वच्छ, पाची बोटं उमटलेली. उजवं ओढत नेलेलं, त्याच्यामागे लांब ओरखडा.

“फक्त आजची रात्र राहू द्या,” काका म्हणाले. “सकाळी येऊन मी स्वतः पुसतो.”

“रात्रीसाठीच तर पुसते, काका.”

“अहो, एवढा मोठा किनारा पडलाय! दहा पावलांनी कासवांचा वंश बुडणार आहे का?” काकांचा आवाज चढला आणि चढता चढताच फाटला. “ती परत नाही यायची इथं. कुठंच नाही जायची आता. ही तिची शेवटची पावलं आहेत. तुम्हाला काय कळणार? तुमचं कुणी गेलंय का असं?”

बाईनं दाताळं वाळूतून उपसलं आणि आडवं ठेवलं. घराच्या ओट्यावर सासू बसली होती, रोजच्यासारखी पाण्याकडे तोंड करून.

“गेल्या वर्षी याच दिवसांत आमचे हे होडी घेऊन गेले,” बाई म्हणाली. “त्या तिथून पाण्यात उतरले. मी मागून दाताळं ओढतच होते. ते रोज जायचे, मी रोज पुसायची. त्या दिवशी होडी परत आली नाही. सकाळी सासूबाई लेकाची पावलं शोधत आल्या, तर सगळी वाळू विंचरलेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.”

काका त्या पावलांशेजारी बसले. मग म्हणाले, “आणि तरीही तुम्ही हेच काम करता?”

“पिल्लांचा काय दोष, काका?”

समोर पाणी काळपट होत चाललं होतं. बाई थोडी दूर जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

“अजून आहे थोडा उजेड. डोळे भरून बघून घ्या,” ती म्हणाली. “तोवर मी थांबते. आमच्या ह्यांची मी न बघताच पुसली.”