मानाचा लोटा

“आमना घरमा असा रोग कोणलेच नही, मॅडम,” भाईदास पाटील पुन्हा म्हणाला. “ना मन्हा बापले, ना आजाले. आम्ही दगड खाऊन पचवणारी माणसं.”

डॉक्टर मोहिनी वसावे यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. समोर भाईदासची मुलगी भूमिका बसली होती. वर्षभरात ती इतकी उतरली होती, की ड्रेसचे खांदे दंडावर आले होते. आतड्याचा टीबी धरून तिला गोळ्या दिल्या होत्या. आपल्याकडे आधी टीबीच धरतात, त्यात कोणाची चूक नाही. गोळ्यांचा कोर्स संपला. पोटातली कळ आणि शौचातलं रक्त काही संपलं नाही.

“मला हा क्रोन्स नावाचा आजार वाटतो,” डॉक्टर म्हणाल्या. “आतड्याला सूज येते, जखमा होतात. औषधं आहेत, पण कायम घ्यावी लागतात. आतड्याचा तुकडा तपासला, तरी टीबी की क्रोन्स ते नक्की होत नाहीये. म्हणून विचारते. काही घराण्यांत हा जास्त दिसतो. एकच जनुक बिघडलं आणि रोग झाला, असं नाही. पुष्कळ जनुकं थोडा थोडा हात लावतात. रक्त तपासूनही हो की नाही सांगता येत नाही. पण घरात आधी कोणाला असला, तर माझा संशय पक्का होतो.”

भाईदासने यातला एकच शब्द ऐकला. घराणं. खापर गावच्या धीरजशी भूमिकाचा साखरपुडा झाला होता. लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर होतं. पोरीला जरा ॲसिडिटी आहे, एवढंच त्याने व्याह्यांच्या कानावर घातलं होतं. टीबी निदान बरा तरी होतो, पुढे कोणी नाव काढत नाही. पण घराण्यातच रोग आहे म्हटल्यावर कोण थांबणार? मागे दोन धाकट्या पोरी होत्या, त्यांचीही लग्नं अडली असती.

“तुम्ही टीबीच लिहा ना, मॅडम,” तो हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा उघडला. भूमिका टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत होती. टीबी काय नि क्रोन्स काय, तिला काहीच वाटत नव्हतं. आपल्याला भीतीसुद्धा वाटत नाही, याचं तिला मघाशी थोडं नवल वाटलं होतं. आता तेही वाटेना.

भाईदासला गप्प बसवत नसे. मयतीत बसला तरी हा बाबा दहा मिनिटांत कोणाला तरी हसवणार. आणि पोटाचा विषय निघाला की त्याच्याकडे एक हुकमी किस्सा होता. घरातल्या प्रत्येक लग्नात तो सांगितला जायचा.

“पोटावरून आठवलं, मॅडम. आमचा एक सुकलाल काका होता. वडिलांचा धाकटा भाऊ. भलता वल्ली! वऱ्हाडाचा ट्रॅक्टर निघाला, की काकाने मारलीच हाक, ‘अरे थांबाड रे!’ की उतरला आणि पळाला कपाशीत. मधल्या काकाच्या लग्नाला असं इतक्यांदा झालं, की मुहूर्तच टळला. मग मुलीकडच्यांनी काय करावं? मानपानाला सगळ्यांना टोपी-टॉवेल दिले. आणि सुकलाल काकाला दिला पितळेचा नवाकोरा लोटा! हळदकुंकू लावून! सगळा मांडव हसून लोटपोट झाला, मॅडम. काका पण हसला.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं.

“त्यांना रक्त पडायचं का?”

“पडायचं ना. मिरचीने पडतं म्हणायचा. आज्जीने त्याची मिरची बंद करून टाकली होती.”

“तोंड यायचं? सांधे दुखायचे?”

“तुम्हाला कसं माहीत?” भाईदास खुशीत आला. मॅडमला किस्सा आवडला, असंच त्याला वाटलं. “गुडघे धरून बसायचा. आम्ही पोरं मागे लागायचो, काका, पळून दाखव! नंतर जेवायला पंगतीत येईना. शेतातच राहायला गेला. सुकत सुकत गेला बिचारा, चाळिशीही गाठली नाही.”

खोटं बोलत नव्हता तो. मघाशी घरात कोणालाच नाही म्हणाला, तेही खोटं नव्हतं. सुकलाल काका त्याच्या लेखी आजारी माणूस नव्हताच कधी. तो एक किस्सा होता.

“त्यांना मुलंबाळं?” लिहिता लिहिता डॉक्टरांनी विचारलं. “असतील तर एकदा तपासून घेऊ.”

“मुलंबाळं कुठली!” भाईदासने मांडीवर थाप मारली. “असा माणूसले पोरगी कोण देई, मॅडम?”

तो एकटाच हसला. मग त्याला दिसलं, डॉक्टर त्याच्याकडे बघत नाहीयेत. त्या भूमिकाकडे बघतायत. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. थाप मारलेला हात मांडीवर तसाच राहिला.

“बेटा, मी ते… तसं नाही गं…”

भूमिकाने हात पुढे केला. बापाच्या सदऱ्याच्या खिशातला मोबाइल काढला. नंबर शोधला, दाबला, आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती. भूमिकाच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं.

“खापरला, धीरजच्या घरी लावला आहे, पप्पा. आताच जे बोलनात, तेच सांगा.”