एका दोऱ्यातली नावं

एक नाव उसवलं की धाकट्या सुनेला अख्खी चादर मिळणार होती, शिवाय थोरल्या जावेचा जळफळाट बघायला मिळणार तो वेगळाच. सासूबाई गेल्या, पण जाण्याआधी घरातल्यांची नावं साखळी टाक्यानं चादरीवर गोल भरून गेल्या. सुरुवात थोरलीपासून, शेवट धाकटीच्या लेकीवर. थोरलीचं नाव उसवलं की तिचा हक्कही उसवला, असा धाकटीचा हिशेब.

"ताई, चादर मी धुते हं."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," थोरली म्हणाली.

साखळी टाका शेवटाकडून ओढला की सरसर सुटतो. धाकटीनं चादर उलटी धरली, थोरलीच्या नावाला लागून असलेली गाठ कापली आणि दोरा ओढला. पलीकडच्या खोलीत तिची लेक पाढे म्हणत होती. ती चौदा सक्क्यावर थांबली.

"का गं, अडलीस?"

दोरा मात्र येतच होता. तिनं चादर सुलटी केली. थोरलीचं नाव जागच्या जागी होतं. त्याच्या शेजारी, लेकीच्या नावाच्या जागी, नुसती भोकं होती.

धाकटीनं लेकीला हाक मारली, पुन्हा मारली.

थोरली दारात आली. "कुणाला गं बोलावतेस?"

"माझ्या लेकीला."

"तुला कुठे लेक आहे?"

थोरलीचा एक टाकाही उसवला नव्हता.