तिसऱ्या खांबाखालचं पाणी

खाडीचं पाणी, आणि त्यात मीठ औषधालाही नाही? होऊ घातलेल्या पुलाच्या तिसऱ्या खांबाच्या जागेवरून आणलेली पाण्याची बाटली हेमांगीनं प्रयोगशाळेत पुन्हा तपासली, तरी तेच.

"बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, मॅडम," पुलाचे इंजिनिअर धामणसकर फोनवर वैतागले. "तुमच्या पाण्याच्या दाखल्याशिवाय दिल्ली परवानगी देत नाही. सही करून मोकळ्या व्हा!"

पण तिला चैन पडेना. भर ओहोटीला ती त्यांना होडीत घालून तिथं गेली. खांबासाठी मारलेल्या लाल खुणेखालीच, खडकाच्या कपारीतून झऱ्याची धार सुटली होती. खडकावर ताजं हळदकुंकू होतं.

धामणसकरांनी ओंजळभर पाणी चाखलं. पुन्हा ओंजळ भरली. मग विकतच्या बाटलीतलं पाणी खाडीत ओतून ती धारेखाली धरली.

"दिल्लीला नवा नकाशा धाडावा लागणार," ते कुरकुरले. "खांब किती सरकवायचा, बोला!"