मेजर हॉलिस यांच्या दोन रायफली

“यातली एक निवडा, डॉक्टर,” मेजर हॉलिस म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. गिरीशनं अजून ओव्हरकोटही काढला नव्हता. मेजरनी आत येताना मागचं दार ओढून घेतलं होतं, आणि कडी बसल्याचा आवाज त्यानं नीट ऐकला होता.

“ही बेल्जियमची, ती जर्मन. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते. हरणाच्या शिकारीसाठी याहून चांगलं हत्यार तुम्हाला मिळायचं नाही. बेल्जियमची माझी. जर्मन पीटरची.”

पीटर म्हणजे मेजरचा मुलगा.

दीड महिन्यापूर्वी पीटरला साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात आणलं होतं. वय चोवीस. मोटरसायकल घसरून पोटात रक्तस्राव झालेला. ड्यूटीवर गिरीश होता. मेजरनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याच्यादेखत सिस्टरला विचारलं, “दुसरं कुणी नाही का?” दुसरं कुणी नव्हतं. तीन तास ऑपरेशन चाललं. पीटर गेला.

तेव्हापासून गिरीश तक्रारीची वाट बघत होता. ते तीन तास त्यानं मनातल्या मनात कितीदा तरी पुन्हा उलगडून पाहिले. चूक सापडत नव्हती, आणि नाही सापडली म्हणून मन स्वस्थही बसत नव्हतं. तक्रार आली नाही. आली ती मेजरची दोन ओळींची चिठ्ठी. ‘शनिवारी दुपारी घरी या. एकटे या.’

“अहो, जाऊ नका,” त्याची बायको उल्का म्हणाली होती. “एकुलता एक मुलगा गेलाय त्यांचा. त्यांच्या मनात काय असेल, कुणी सांगावं?”

“नाही गेलो तर माझंच काहीतरी चुकलंय असं दिसेल.”

आता तो इथं उभा होता, लिंडहर्स्ट गावाच्या पुढे, रानाच्या कडेला असलेल्या या घरात. शेजारचं घर मैलभर लांब. मेजरनी दाढी गुळगुळीत केली होती, टाय बांधला होता. कुठं निघालेत की काय, असं वाटावं. शेकोटीवरच्या फळीवर पाच-सहा बंद पाकिटं ओळीनं लावलेली. एकावर वकिलाचं नाव गिरीशला लांबूनही वाचता आलं. आत शिरताना त्यानं रिकामा पट्टा पाहून सहज कुत्र्याची चौकशी केली, तर मेजर म्हणाले, “देऊन टाकला. परवाच.”

म्हणजे भुंकायलाही कुणी नाही, गिरीशच्या मनात आलं.

त्याचं डोकं भराभर चालू लागलं. ही भेट असेल का? ज्याच्या हातून मुलगा वाचला नाही त्या डॉक्टरला कोण भेट देतं? मग सापळा? त्यानं रायफल हातात घ्यायची, आणि उद्या मेजरनी पोलिसांना सांगायचं की हा आपल्या घरात हत्यार घेऊन उभा होता? माझं ऐकतील की त्यांचं? की एक माझ्या हातात, दुसरी त्यांच्या हातात, असा द्वंद्वयुद्धाचा काही जुना लष्करी हिशोब म्हाताऱ्याच्या डोक्यात होता?

“निवडा ना,” मेजर पुन्हा म्हणाले. आवाज शांत होता. तो शांतपणाच गिरीशला नको वाटत होता.

बेल्जियमची रायफल मेजरच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होती. गिरीशनं त्या हाताकडे पाहिलं. मग सरळ पुढे झाला आणि ती उचलली. वाटली होती त्यापेक्षा जड होती.

“हीच का?” मेजरनी विचारलं.

खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. “तुमच्या हाताजवळ होती म्हणून.”

मेजर खुर्चीत बसले.

“गेले चार आठवडे रोज सकाळी मी या दोन्ही इथं मांडतो,” ते म्हणाले, “आणि माझी वापरावी की त्याची, ते ठरवत बसतो. आज ठरलं असतं.”

गिरीशला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याची नजर फळीवरच्या पाकिटांकडे गेली. या घरात शिरल्यापासून तो स्वतःच्याच जिवाची काळजी करत होता.

“मलाच का बोलावलंत?” त्यानं हळूच विचारलं.

“सगळे म्हणतात, त्याला काही कळलं नसेल, सुटला बिचारा. तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, ‘मी त्याला वाचवू शकलो नाही.’ माझ्याशी खरं बोललेला तेवढा एकच माणूस.” मेजरनी त्याच्याकडे पाहिलं. “एक न्याल, डॉक्टर? दोन्ही द्यायची हिंमत होत नाही.”

“दोन्ही नेतो,” गिरीश म्हणाला. “आणि तुम्हालाही. कोट घाला.”

त्यानं मेजरकडूनच दोन्ही रायफली रिकाम्या करून घेतल्या, ब्लँकेटात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि मेजरना पुढच्या सीटवर बसवलं. पोलीस स्टेशनासमोर गाडी थांबली तेव्हा मेजरना उतरवेना. गिरीश एकटाच आत गेला, ब्लँकेट काउंटरवर ठेवलं आणि उलगडलं.

सार्जंट ताडकन उभा राहिला. त्यानं रायफली पाहिल्या, मग गिरीशचा सावळा चेहरा पाहिला. त्याचा हात टेलिफोनवर गेला. आपण हॉलिसकडे दुपारभर ज्या नजरेनं पाहत होतो ती हीच, हे गिरीशनं ओळखलं.

“या कुणाच्या?” सार्जंटनं विचारलं.

“माझ्या मित्राच्या,” गिरीश म्हणाला. “बाहेर गाडीत बसलाय तो. बाकीचं मागाहून विचारा, आधी त्याला आत आणायला माझ्याबरोबर चला.”