खडूची फुली

शहर नव्हतं तेव्हा इथे फक्त स्टेशन होतं. त्याच्या उरलेल्या दगडांतून कामगारांनी पहिली गल्ली उभी केली आणि पुढे शहर वाढत गेलं. गवंड्याचं घर त्याच गल्लीतलं, पणजोबांच्या हातचं.

आता स्टेशनची डागडुजी त्याच्याकडे आली होती. जुना गिलावा तो हातोडीने हलकेच ठोकून बघायचा. आवाज भरीव आला की पुढे सरकायचा, पोकळ आला की खडूने फुली मारायचा. फुलीची जागा दुसऱ्या दिवशी फोडायची, हा कामाचा शिरस्ता.

त्या सकाळी भिंतीच्या आतूनही ठोकल्याचा आवाज आला.

"मेहुणे, थट्टा पुरे झाली!" तो ओरडला.

"मी इथे आहे, भाऊजी," त्याच्या हाताखाली काम करणारा मेहुणा मागून म्हणाला.

दुपारी तो जेवायला घरी आला. बायको भिंतीला पाठ टेकून बाळाला पाजत होती.

"अहो, शेजारी सकाळपासून काय ठोकतायत? नुसतं डोकं उठलंय माझं."

भिंतीपलीकडे शेजार नव्हताच, मोकळा रस्ता होता. त्याने कान लावला. आतून कुणीतरी हलकेच ठोकत होतं, थांबून ऐकत होतं आणि पुढे सरकत होतं. बायकोच्या पाठीमागे येताच आवाज पोकळ झाला. बाळाने दूध सोडलं.

"ऊठ तिथून," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोच भिंतीच्या आतून खडू ओढल्याचा आवाज आला. एकदा तिरका, आणि मग दुसऱ्या बाजूने पुन्हा एकदा.