पाठीवरचं नाव

चौकशीला आलेले डॉक्टर भागवत रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला लागण आश्रुबांच्याच विषाणूची झाली, पण तो त्यांच्याकडून सरळ तुमच्यात आला नाही. जीनोम सिक्वेन्सिंगमध्ये तुम्हा दोघांच्या मधी अजून एक माणूस दिसायलाय. त्याला शोधलं पाहिजे. वॉर्डात कोण होतं?"

"कुणीच न्हाई, सर," अंबिका म्हणाली.

खरंच होतं ते. तालुक्याच्या त्या कोविड वॉर्डात शेवटचे बारा दिवस चारठाण्याचे आश्रुबा एकटेच पेशंट होते आणि आत जाणारी ती एकटीच. आश्रुबा गेले, मग ती आजारी पडली, बरीही झाली. तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

डॉक्टरांनी मोबाइलवर वॉर्डातल्या कॅमेऱ्याचा फोटो दाखवला. पीपीई किट घालून ती आश्रुबांवर वाकली होती. पाठीवर निळ्या मार्करनं, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: अंबिका.

"किटमध्ये माणूस ओळखू येत नाही म्हणून आपण पाठीवर नाव लिहितो. पण स्वतःच्या पाठीवर कसं लिहिणार? हे कोण लिहायचं?"

किट चढवलं की ती रोज भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. पाठीवर मार्कर फिरायचा. नाव पुरं झालं की कुणीतरी हलकेच थोपटायचं. मागं वळून बघावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"आठवा जरा," म्हणत डॉक्टर खिडकीकडं वळले.

त्यांच्या पांढऱ्या ॲप्रनवर, पाठीमागं, त्याच तिरक्या निळ्या अक्षरात 'भाग' एवढं लिहून झालं होतं. अंबिका नुसती बघत राहिली. 'व'चा गोल सावकाश पुरा होत होता.